जानेवारीपर्यंत काटा माळ्यावर

धावणाऱ्या एका वाचक बाईंचं पत्र आलंय, थोडक्यात असं :

"मी ३७ वर्षांची, प्रतापनगर, नागपूरला राहते. शाळेत गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी माझं वजन ७६ किलो होतं. चालत चालत धावायला लागले आणि ६५ वर आले. गेल्या डिसेंबरात हाफ मॅरेथॉन २ तास ४ मिनिटांत केली. आता जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन नोंदवली आहे. ध्येयं दोन : वजन ५८ (लग्नात तेवढं होतं) आणि वेळ सव्वाचार तास. मे महिन्यापासून रात्रीचं जेवण बंद केलं, सकाळी रिकाम्या पोटी धावते, ॲपमध्ये १३०० कॅलरीच्या वर जाऊ देत नाही. आठवड्याला ५० किलोमीटर होतात. तरी जुलैपासून काटा ६५ वरच, आणि ऑगस्टच्या हाफला २ तास १३ मिनिटं लागली. उजवी नडगी दुखते. तीन महिने पाळी आली नाही, पण ग्रुपमधली मैत्रीण म्हणते धावणाऱ्या बायकांचं असं होतंच, उलट सोयीचं. नवरात्रात नऊ दिवस उपास होते. पाचव्या माळेला २४ किलोमीटर ठरवले होते, एकोणिसाव्या किलोमीटरला फुटाळा तलावावर डोळ्यांपुढे अंधारी आली. चहावाल्या भाऊंनी बिस्किटं पुढे केली, उपास म्हणून घेतली नाहीत. ऑटोने घरी आले. आता खाणं अजून कमी करू, की धावणं वाढवू? टी-शर्टचं माप 'एस' भरलंय, आठवीतली लेक त्यावरून हसते."

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या चिकाटीचं कौतुक वाटलं, दुसऱ्यांदा काळजी वाटली. दोनपैकी एकही करू नका. खाणं कमी नको, धावणं वाढवणं नको. सध्या धावायचंच नाही, नडगी डॉक्टरांना दाखवेपर्यंत.

तिथूनच सुरू करते. घरी एक गोष्ट करून बघा. पलंगावर बसून नडगीच्या हाडावरून वरून खाली बोट फिरवा. दुखणं वीतभर पट्ट्यात पसरलेलं असेल तर बहुधा ओढ आहे, आराम, बूट आणि पोटऱ्यांच्या व्यायामाने वळणावर येते. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, त्या पायावर एकट्या पायाने उडी मारवत नसेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात ते. यात लोक एक घोळ हमखास घालतात : एक्स-रे काढतात, त्यात काही दिसत नाही, की दुसऱ्या दिवशी पुन्हा अंबाझरी तलावावर धावायला हजर. पहिले काही आठवडे ही चीर साध्या एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. तेव्हा हाडांच्या डॉक्टरांना "मी आठवड्याला ५० किलोमीटर धावते आणि तीन महिने पाळी नाही" ही दोन्ही वाक्यं एका दमात सांगा. दुसरं वाक्य बायका गाळतात आणि डॉक्टर विचारत नाहीत.

आणि पाळीचं. तुमची मैत्रीण चांगल्या मनाची असेल, पण हे तिचं म्हणणं साफ चूक आहे. पाळी बंद होणं हे धावपटू झाल्याचं सर्टिफिकेट नव्हे. शरीर खर्चात काटछाट करतंय आणि सगळ्यात आधी त्याने जिच्यावाचून आजचा दिवस निघतो ती गोष्ट बंद केली. पाळीबरोबर इस्ट्रोजेन घटतं, आणि हाडं भक्कम ठेवण्याचं काम तेच करतं. म्हणजे तुमची नडगी आणि तुमची पाळी ही दोन दुखणी नसून एकच असण्याची शक्यता मोठी आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला नाव दिलं, रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट, म्हणजे खर्चाच्या मानाने खाणं अपुरं, बोलताना 'रेड-एस'. पुरुषांनाही होतं, त्यांना धोक्याची घंटा देणारी पाळी नसते एवढंच. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे याच आठवड्यात जा. गरोदरपण आणि थायरॉइड आधी तपासतील, ते योग्यच आहे. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि ड जीवनसत्त्व तपासायला सांगा. हिमोग्लोबिन ठीक आणि फेरिटिन तळाला, असं धावणाऱ्या बायकांत पुष्कळदा निघतं. फेरिटिन म्हणजे अंगातल्या लोहाची शिल्लक. रोजच्या खर्चाला पैसे आहेत, पासबुक मात्र रिकामं.

आता तुम्ही गणिताच्या बाई, म्हणून फळ्यावरच मांडते.

धावायला ढोबळमानाने दर किलोला दर किलोमीटरला एक कॅलरी लागते. तुमचं वजन ६५, आठवड्याचे किलोमीटर ५०. झाल्या ३२५० कॅलरी, रोजच्या साधारण ४६५. तुम्ही खाता १३००. उरल्या ८३५. यात तुम्हाला श्वास घ्यायचा, हृदय चालवायचं, पाचवी ते दहावीचे वर्ग घ्यायचे, घरचं बघायचं आणि हाडं दुरुस्त करायची. तुमच्या ६५ किलोंतली चरबी वजा केली तर ४७ किलोंच्या आसपास उरतात असं धरू. ८३५ भागिले ४७, म्हणजे किलोमागे १८ कॅलरी. क्रीडावैद्यकात हा आकडा ३० च्या खाली बराच काळ राहणं धोक्याचं मानतात, आणि ४५ च्या आसपास शरीर खुशीत असतं. तुम्ही मेपासून १८ वर आहात. आणि त्या पाचव्या माळेला? २४ किलोमीटर गुणिले ६५, १५६० कॅलरी. म्हणजे त्या दिवशी ठरलेलं अंतर पूर्ण झालं असतं, तर दिवसभराचं सगळं खाणं नुसत्या धावण्यालाही पुरलं नसतं.

"मग वजन का उतरत नाही?" हा तुमचा खरा प्रश्न. याची उत्तरं दोन-तीन आहेत आणि ती एकाच वेळी खरी असतात. शरीर बाकीचा खर्च कमी करतं : तुम्ही धावून आल्यावर उरलेला दिवस खुर्चीतून उठत नाही, जिना टाळता, हात गार पडतात. दुसरं, सततच्या ताणाने अंगात पाणी धरून राहतं, आणि काट्याला चरबी आणि पाणी यांतला फरक कळत नाही. तिसरं, राग मानू नका, ॲपला आपल्याकडच्या फोडणीतलं तेल दिसत नाही. 'एक वाटी वांग्याची भाजी' असं लिहिलं की ते मुकाट कसली तरी भाजी धरतं, आपल्या सावजीवरची तर्री त्याला काय कळणार. आकडा १३०० च्या थोडा वर असेलही. पण तो १५०० धरला तरी वरचं गणित नापासच होतं.

रिकाम्या पोटी धावण्याबद्दल एवढंच : त्या तासात चरबी जास्त वापरली जाते हे खरं आहे. पण दिवसाचं खाणं तेवढंच असेल तर वजनात त्याने फरक पडत नाही. चार-पाच किलोमीटर संथ जायचं असेल तर जा की. वीस-चोवीस किलोमीटरला नाही.

मी उपासाच्या विरोधात नाही. माझ्या आईने जन्मभर नवरात्र धरलं, पण तिला एकोणीस किलोमीटर धावायचे नव्हते. खरं तर आपल्या उपासाच्या ताटात धावणाऱ्याला लागतं ते सगळं असतं. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, बटाटा, रताळं, राजगिरा, शेंगदाणे, दही, केळं. पंचाईत उपासाची नव्हतीच, तुम्ही उपासाला १३०० चा पहारा लावला होता. पुढच्या वर्षी धराल तेव्हा त्या नऊ दिवसांत लांब पल्ला ठेवू नका. तसंही दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमाराला दीक्षाभूमीच्या बाजूचे रस्ते माणसांनी फुललेले असतात, तुमच्या प्रतापनगरातून निघून ठरलेली फेरी होत नाहीच. आणि फुटाळ्यावरच्या त्या भाऊंनी पुढे केलेली बिस्किटं. मला सगळ्या पत्रात तीच जागा बोचली. चक्कर येऊन बसलेल्या बाईने साखर घ्यायची असते, देवी रागावत नाही. एखाद्या रविवारी जाऊन त्यांच्याकडे चहा प्या आणि बिस्किटंही खा.

हे मी कोरडेपणाने सांगत नाही. ४६ व्या वर्षी मी पहिल्यांदा मुंबईला फुल धावले. नोव्हेंबर ते जानेवारी या दोन महिन्यांत पाच किलो उतरवले होते, 'हलकी झाले तर पळेन' या हिशोबाने. पस्तीस किलोमीटरनंतर परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ येतो. मी तो चढले नाही, त्याच्या पायथ्याशी फुटपाथवर बसले. पाय दुखत नव्हते, पायच नव्हते. एका आजोबांनी सोललेली संत्र्याची फोड हातात दिली. नागपूरच्या बाईला मुंबईत कुणीतरी संत्रं भरवतंय, आणि मी रडतेय. तिथून शेवटापर्यंत चालत आले. त्या पाच किलोंपैकी तीन मार्चपर्यंत परत आले, ते वेगळंच.

फुलचा हिशोब असाच आहे. ४२.१९५ किलोमीटरला तुमच्या वजनाला साधारण २७४० कॅलरी लागणार. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन म्हणून साठते ती साखर भरल्या घरीसुद्धा १६०० ते २००० कॅलरींची. चरबी उरलेला भार उचलते, पण सावकाश. ज्याची कोठी आधीच अर्धी, त्याचा पेडर रोड पंचविसाव्या किलोमीटरलाच येतो. तुमचा एकोणिसाव्यालाच आला.

म्हणून माझं म्हणणं एकच : वजन उतरवणं आणि मॅरेथॉन धावणं ही दोन कामं एका मोसमात धरू नका. दोन्ही एकाच डब्यातून खातात. जानेवारीचा तिसरा रविवार होईपर्यंत काटा माळ्यावर. खरंच उचलून ठेवा, बाथरूमच्या कोपऱ्यात असला की पाय आपोआप पडतो.

तो माळ्यावर ठेवायचं आणखी एक कारण आहे. तुम्ही नीट जेवायला लागलात की पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत वजन दीड-दोन किलोंनी वाढेल. ही चरबी नाही. ग्लायकोजेनचा एक ग्रॅम साठताना आपल्यासोबत तीनेक ग्रॅम पाणी घेऊन बसतो. कोठी भरतेय, तिचं ते वजन. काटा समोर असेल तर तुम्ही घाबरून तिसऱ्या दिवशी पुन्हा जेवण बंद कराल, मी तुम्हाला ओळखते, मीही तीच होते.

जेवणाचं फार शास्त्र नको. रात्रीचं जेवण उद्यापासून सुरू. पोळी, भात, घट्ट वरण, भाजी, दही, आणि वरणावर तूप. हळूहळू २२०० ते २५०० कॅलरींपर्यंत या, दोन-तीन आठवड्यांत. प्रोटीन किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुम्हाला शंभर ग्रॅमच्या अलीकडे-पलीकडे. आपल्या घरी हे जमवावं लागतं, आपोआप होत नाही. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम, दोन अंड्यांत बारा, मग पनीर, सोयाबीन, चणे, झुणका, दूध. अंडी चालत नसतील तर सोयाबीन आणि दह्यावर जोर द्या. फेरिटिन कमी निघालं तर डॉक्टर गोळ्या देतील. जेवणाबरोबरचा चहा तेवढा तासभर पुढे ढकला, चहा लोह शोषू देत नाही, आणि क जीवनसत्त्व मदत करतं. आंबिया बहाराची संत्री आता येतीलच, जेवणासोबत एक खायला कुणाची ना आहे?

रविवारच्या धावण्यानंतर ग्रुपसोबत तर्री-पोहे खाता की तिथेही पाणी पिऊन बसता? खा. पोहे आहेत, चणे आहेत, मीठ आहे, नुकत्या धावलेल्या माणसाला यापेक्षा काय हवं. फक्त धावण्याच्या आधी तर्री नको, ती कुठल्या किलोमीटरला आठवण करून देईल सांगता येत नाही.

आता धावणं. नडगीत चीर निघाली तर सहा ते आठ आठवडे धावणं बंद आणि या वर्षीची मुंबई सोडायची. नोंदणीचे पैसे गेले तर गेले. हे वाक्य तुम्हाला कडू लागेल, पण अर्धवट जोडलेलं हाड घेऊन ४२ किलोमीटर जाणाऱ्यांची पुढची दोन वर्षं कशी जातात ते मी पाहिलंय. चीर नसेल आणि डॉक्टर हो म्हणाले, तर आठवड्याला २५-३० किलोमीटरपासून परत सुरुवात करा, उरलेला वेळ सायकल.

वेळेचं ध्येय बदला. हाफची वेळ दुप्पट करून त्यात दहा-पंधरा मिनिटं घातली की फुलचा अंदाज येतो. तुमच्या २ तास ४ मिनिटांवर चार वीसच्या आसपास येतात, म्हणजे सव्वाचारही फार दूर नव्हते. आजच्या २ तास १३ मिनिटांवर चार तास चाळीस येतात. ऑगस्टच्या दमट हवेची दोन-तीन मिनिटं सोडून देऊ. खाणं सुधारलं, पाळी परत आली, तर साडेचार तास शक्य आहेत, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद. सव्वाचारला ६ मिनिटं ३ सेकंद लागतात. कागदावर २१ सेकंद, रस्त्यावर ते पूर्ण वर्षाचं अंतर आहे.

सरावातले बहुतेक किलोमीटर ७ मिनिटांच्या पुढे जाऊ द्या. सोबतीणीशी भाजीच्या भावावर अख्खी वाक्यं बोलता आली पाहिजेत, धाप लागून शब्द तुटले की वेग जास्त. आठवड्यातून एकदाच जोर. तो सेमिनरी हिल्सच्या चढावर लावा, जपानी गार्डनच्या बाजूने, दोन-दोन मिनिटांचे सहा चढ, उतरताना चालत. पेडर रोडची तालीम नागपुरात यापेक्षा चांगली कुठे होणार? लांब पल्ला १८ वरून २२, मग एक आठवडा १६, पुन्हा २५, २८, असा श्वास घेत वाढवा. ३२ एकदाच, शर्यतीच्या तीन आठवडे आधी. त्यानंतर फक्त ताजं राहायचं. घरी पायऱ्यांवर टाचा उचलणं आणि बैठका आठवड्यातून दोनदा, एवढं पुरे.

लांब पल्ल्याआधी पहाटे केळं आणि ब्रेड-जॅम किंवा दोन राजगिऱ्याचे लाडू. वाटेत दर ४० मिनिटांनी एनर्जी जेल (पाकिटातला साखरेचा घट्ट पाक) किंवा खजूर, तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर पोटात गेली पाहिजे. अनेकजण ओआरएसवर विसंबतात. तिच्या एका लिटरमध्ये ग्लुकोज असतं साडेतेरा ग्रॅम. मीठ-पाण्याला उत्तम, पण इंधन म्हणून पोकळ. पाणी तहानेइतकं. उगीच लिटरवर लिटर ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होऊन त्यानेही माणूस पडतो. हे सगळं सरावात करून बघा, शर्यतीच्या दिवशी नवीन काही नाही. आणि लक्षात असू द्या, जानेवारीत तुम्ही नागपूरच्या कोरड्या गारठ्यात तयार होणार आणि पळणार मुंबईच्या दमट पहाटेत. पहिले दहा किलोमीटर साडेसहाच्या वेगाने, मागचे लोक पुढे गेले तरी.

५८ किलोंचं फेब्रुवारीत बघू. लग्नातला आकडा आहे, तेव्हा तुम्ही किती किलोमीटर धावत होता? बहुतेक शून्य. आज तुमच्या मांड्या-पोटऱ्यांत जे वजन आहे ते त्या वेळी नव्हतंच. उतरवायचंच असेल तर पाळी दोन-तीन महिने नियमित झाल्यावर, रोजच्या खाण्यातून अडीचशे कॅलरी कमी, महिन्याला किलोभर, त्याहून घाई नाही. ६२ वर वेग आणि तब्येत दोन्ही जमले तर तिथेच थांबा. ५८ चं कुणाला वचन दिलेलं नाही.

टी-शर्टचं एवढं मनाला लावून घेऊ नका. आयोजक माप बदलू देत असतील तर 'एम' करून टाका. नसतील तर आठवीतल्या लेकीला 'एस' मस्त बसेल. तिला सांगा, आईला पदक, तुला टी-शर्ट. डॉक्टर काय म्हणाले ते मात्र मला कळवा, नडगीचं आणि पाळीचं, दोन्ही.